कोरड्या लाकडाचा कोन

२८ जून १९५९
नापास. एकाच विषयात — मेकॅनिक्स. शंभरात एकवीस. ऑक्टोबरात पुन्हा बसायचे.
दाजीला गुणपत्रिका दाखवली. थोरला भाऊ आहे, वडिलांनंतर सगळे त्याच्यावर. त्याने दोनदा वाचली, घडी घालून परत दिली. "घराक रव आनि वाच. होडयेचा मी बघतंय."
रागवायला हवा होता.

१ जुलै
उतारावरचा ठोकळा. तिथेच अडतो. वजन सरळ खाली, फळीचा रेटा फळीला काटकोनात — इथवर येते. घर्षणाचा बाण काढायचा म्हटले की हात थांबतो. उताराच्या वरच्या बाजूला की खालच्या? सर म्हणाले होते, "ठोकळ्यालाच विचार, बाबा तुला जायचंय कुठे. बाण त्याच्या उलट." वर्ग हसला होता.
ठोकळा काही सांगत नाही.

८ जुलै
पाऊस. वाचन नाही.

१९ जुलै
पुस्तक घेऊन होडीपाशी बसलो. मे अखेर वर ओढलेली, किनाऱ्याच्या उतारावर, झावळ्यांच्या छपराखाली. खाली दोन लांब ओंडके. नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, दोर उंडिणीच्या झाडाला. सत्यवानकाका सुतार फळ्यांच्या फटींत कापूस ठोकत होते. वडिलांच्या वेळेपासून आमची होडी तेच करतात.
"काय रे झिला, नापासांची शाळा आता हंय भरता?"
वहिनी चहा घेऊन आली होती. ती हसली. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

२० जुलै
काका वहिनीला सांगत होते, यंदा तेल जास्त लागेल, ओंडके नवे आहेत. रीत अशी: नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सुताराने काम संपवून हत्यारे समुद्रात धुवायची. ती धुतली की घरच्या सुनेने ओंडक्यांवर मुशीचे, म्हणजे शार्क माशाचे, तेल घालायचे. ते होडीच्या कण्याखाली उतरत जाते, सकाळी होडी हलकी जाते. वहिनीचे हे चौथे वर्ष. पहिल्या वर्षी हाताचा वास आठ दिवस गेला नव्हता म्हणे. आरोंद्याची, खाडीकाठची पोर, तिला मुशीच्या तेलाचे नवल काय — असे काका म्हणाले.

२ ऑगस्ट
कळले!
घर्षण हा ठरलेला आकडा नव्हे. लागेल तेवढेच ते देते, एका मर्यादेपर्यंत. उतार वाढवला की तेही वाढते. मर्यादा संपली की ठोकळा सुटतो. सुटण्याचा तो कोन मोजला की सगळे हातात आले.
काकांकडून ओंडक्याच्याच लाकडाची फळी घेतली, कण्याच्या लाकडाचा तुकडा घेतला. तुकडा फळीवर ठेवला, फळी हळूहळू उचलली. एकवीस अंशाला घसरला. वर एक दगड ठेवला. एकवीस. दोन दगड. एकवीस. वजन दोन्ही बाजूंनी कटते. तुकडा असो की होडी, कोन तोच.
मग ओळंबा लावून ओंडक्यांचा उतार मोजला. नऊ अंश. एकवीस कुठे, नऊ कुठे! होडी आपल्या आपण उभी आहे. दोर नुसता नावाला.

३ ऑगस्ट
दाजीला सांगितले. तो दोराकडे बघत राहिला. म्हणून दोर सोडून दाखवला. होडी हलली नाही. खांद्याने रेटली. तरी नाही.
दाजीच्या चेहऱ्यावर मी पास झाल्यासारखे काही आले. म्हणाला, "बरा. आता बांध परत. काकान बघल्यान तर बोंबलतलो."
तो गेला. मी दोराचा फास झाडाला तसाच ठेवला आणि दुसरे टोक नाळेवरून आत टाकले. लांबून बांधल्यासारखे दिसते. बांधला असता तर आकड्यावर माझाच विश्वास नाही असे झाले असते.

१० ऑगस्ट
काकांची नजर अधू झाली आहे. होडीच्या मागच्या बाजूला, उताराच्या तळाशी बसून काम करतात. आज ओरडून विचारले, "दोर आसा मां रे?"
"आसा," म्हणालो.
मग बोलणे माझ्या कोनावर आले. "तुजा पुस्तक होडीन वाचला हा काय?"
उदाहरणे ३ ते ६ सोडवली.

१७ ऑगस्ट, दुपार
उद्या पौर्णिमा. घरात नारळ खवण्याचा आवाज. काका जेवायला गेलेत. उदाहरण ९ — दोरीने ठोकळा वर ओढायचा, मग घर्षण खालच्या बाजूला. मध्येच वहिनी दाराशी येऊन काकांच्या कामाचे काही विचारून गेली. हो म्हणालो. उत्तर जुळले. बाण आता चुकत नाहीत.

१९ ऑगस्ट
सत्यवानकाका गेले.
परवा जेवून परत आले. एक फट राहिली होती. तळाशी बसून मोगरीने ठोकत होते. तेल आधीच घातलेले. तेल पडले होते वरच्या बाजूला, काका आले समुद्राच्या बाजूने, त्यांना ते दिसले नाही. चौथ्या-पाचव्या ठोक्याला होडी सुटली. मागे लाटांसाठी पावसाळ्यापुरता रचलेला दगडांचा बांध आहे, काका मध्ये सापडले.
आवाज ऐकून धावलो. सहा जणांना होडी उचलता आली नाही. पहारी आणाव्या लागल्या. वजन कटते, असे मी लिहिले होते.
बैलगाडी मालवणात पोचायच्या आधीच संपले. हत्यारे अजून तिथेच पडली आहेत. न धुतलेली.

२० ऑगस्ट
दाजीने दोर पाहिला. टोक हातात घेऊन बराच वेळ उभा. "गाठ सुटली," म्हणाला. माझ्याकडे पाहिले नाही.


२३ ऑगस्ट
काकांची बायको राधाबाई अंगणात आली. रडली नाही. दाजीला म्हणाली, "हत्यारां धुवक नाय होती. मगे तुज्या बायलेन तेल कित्याक घातल्यान?"
वहिनी आतून म्हणाली, "मी इचारलेलंय."
"कोणाक इचारलंस?" दाजी.
वहिनी दारातून माझ्याकडे बघत राहिली. मी दोराचा विचार करत होतो. ती मला दोराचेच विचारते आहे असे वाटले. मान खाली घातली.
कोणाचे नाव न घेता ती दारातून मागे सरली.

३० ऑगस्ट
विहिरीवर बायका वहिनीची कळशी भरेपर्यंत थांबत नाहीत. ती दिसली की उठतात. दाजी तिच्या हातचे जेवतो, पण वाढताना वर बघत नाही.
होडी तिथेच. कोणी हात लावत नाही.

२ सप्टेंबर
फळी काढली. तिच्यावर तेल घातले, तुकडा ठेवला, उचलली.
सहा अंश.
पुन्हा केले. सहा.
नऊपेक्षा तीन कमी. मी कोरडे लाकूड मोजले होते. दरवर्षी तेल पडते हे लहानपणापासून पाहतो आहे. जुलैत तर वहीत लिहिलेसुद्धा.
दरवर्षी दोर असतो.

६ सप्टेंबर
वहिनीला तिचा भाऊ आरोंद्याला घेऊन गेला. चार दिवसांसाठी, असे म्हणाला. ट्रंक मोठी होती. जाताना ती माझ्या खोलीशी थांबली. "अभ्यास करा, भावजीनू," एवढेच म्हणाली.
दोराचे आज दाजीला सांगणार होतो. तो झोपला होता.

१४ सप्टेंबर
सांगितले नाही.

१२ ऑक्टोबर
कणकवलीला एस.टी. बदलली. उद्या पेपर.

१३ ऑक्टोबर
प्रश्न चौथा. तेल लावलेल्या नऊ अंशांच्या उतारावर — नऊ नव्हते, दहा होते. मी नऊ वाचले. ठोकळा स्थिर राहील काय? कारणासह लिहा.
तीन ओळींत झाले. उत्तर: घसरेल.
उरलेला वेळ बसून राहिलो.

२९ नोव्हेंबर
निकाल. पास. मेकॅनिक्समध्ये शंभरात एकाहत्तर.
दाजीने गुणपत्रिका देवापुढे ठेवली. मला म्हणाला, "तुज्यामुळे ह्या घरात एक तरी बरा झाला." राधाबाईच्या दारावरून आज तो पहिल्यांदा मान वर करून गेला.
वहिनीला आणायचे विचारले. "लोक काय म्हणतले," म्हणाला.

१२ डिसेंबर
वहिनीचे पत्र. पोस्टमनने माझ्याच हातात दिले. नाव माझेच.
"चि. भावजी यांस आशीर्वाद. पास झालात, आनंद झाला. एक विचारायचे होते, म्हणून लिहिते. त्या दिवशी काकांचे काम आटोपले का, तेल घालू का, असे मी तुम्हाला विचारले होते. तुम्ही हो म्हणालात असे मला वाटते. इथे सगळे म्हणतात की मी विचारलेच नसेल, नंतर मनात घेतले असेल. चार महिने ऐकून आता माझीही खात्री राहिली नाही. तुम्हाला आठवत असेल तर कळवा. नसेल तर राहू दे. रात्री झोप लागत नाही, म्हणून विचारले."
आठवत नव्हते. खरेच आठवत नव्हते.
वही मागे उलटली. १७ ऑगस्ट. उदाहरण ९ च्या पुढची ओळ. अक्षर माझे.
दाजी ओट्यावर बसला आहे. वही घेऊन जातो.