सोनेरी दोऱ्याचं रीळ

सोमवार, ४ मार्च
ताई रविवारी कायमची परगावी चालली. तिला द्यायला आईच्या जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून आमच्या हिने रजई उभी केलीय. कापूस, अस्तर सगळं टाचून तयार. उरली फक्त मशीनवरची शिवण. ही म्हणाली, साधा सुती दोरा लावू, एका दुपारचं काम. मी म्हटलं, आईच्या कपड्यांवर सोनेरीच हवा, आणि शिवणार मी. भावाने एवढं तरी करावं. यात अहंकार नाही ना, हे तपासलं. नाही.

मंगळवार, ५ मार्च
दोरा तुटतो. ताण सैल केला, तर खाली फासांची जाळी. घट्ट केला, पुन्हा तुटला. दोष मशीनचा आहे, पण दोष देत बसणं माझ्या स्वभावात नाही. हिने सुचवलं, मोठ्या नेढ्याची सुई लाव. मी समजावलं, प्रश्न सुईचा नाही.

बुधवार, ६ मार्च
मोठ्या नेढ्याची सुई लावली. (स्वतंत्र विचाराने.) वीतभर सलग शिवण! लगेच रजईवर जा, असं ही म्हणाली. घाई नको. आईच्या निळ्या गाऊनची एक चिंधी उरली होती, कापूस घालून तिच्यावरच चाचण्या चालू आहेत.
दुपारी बॉबिनच्या डबीचा स्क्रू फिरवला. पुस्तिकेत ‘हात लावू नये’ असं लिहिलंय, पण ते नवशिक्यांसाठी. स्क्रू कपाटाखाली गेला. मीही गेलो.

शुक्रवार, ८ मार्च
रीळ आडवं असलं की दोरा पीळ खातो. मगमध्ये उभं ठेवलं. प्रगती. मात्र टाके किंचित तिरके. मला दिसतात, हिला दिसत नाहीत, त्याला पारखी नजर लागते.
ताईचा फोन. रजई झाली का? झाल्यातच जमा आहे, म्हटलं. हे खोटं धरावं का? मनाने झालीच आहे.

शनिवार, ९ मार्च
जमलं! वेग कमी, ताण सैल, रिळाचा मग खिडकीपाशी. चिंधीवर शेवटची ओळ निर्दोष. हात धुऊन रजई घेतली. पहिली ओळ अर्ध्यावर आली आणि रीळ संपलं. दुकानदार म्हणाला, ही छटा आता येत नाही.
ही एवढंच म्हणाली, “चिंधीला पुरला म्हणायचा.”

रविवार, १० मार्च
सकाळी हिने सुती दोरा लावला. मी केलेली सगळी जुळवणी मोडावी लागणार, तास तरी जाईल, असं मी बजावलं. हिने पहिल्याच दिवशी ताणाच्या बटणावर मूळ जागी नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवला होता. बॉबिनची डबीही दुसरी, माझा हात न लागलेली जुनी काढली. जेवणाआधी रजई तयार.
ताई रजईत तोंड खुपसून रडली. माझी अर्धी सोनेरी ओळ तिला दिसली नाही. मग टेबलावरची चिंधी उचलून बराच वेळ बघत राहिली.
“हे तू शाळेत असताना केलेलंस ना रे? आईने जपून ठेवलं?”
मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. ही पाणी आणायला आत गेली.
ताईने चिंधीही नेली.