रेकॉर्डरने गाळलेली आई

दादा,

आईचं रेकॉर्डिंग ऐकून तू फोनवर म्हणालास, "आई तर खणखणीत बोलते, तू उगाच राईचा पर्वत करतेस." आठवडाभर मी धुमसत होते. काल रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये शिरले तेव्हा उलगडा झाला. आवाज आला तरच तो चालत होता. आई शब्द शोधत गप्प झाली की तोही थांबत होता. चूक माझीच, न बघता बटण दाबलं.

आज ते सेटिंग बंद करून आईला फक्त तुझं नाव विचारलं. रेकॉर्डर अकरा मिनिटं चालत राहिला.

हे पत्र पाठवणार नाही, रेकॉर्डरच पाठवतेय. ऐकलंस की तू येणारच. फक्त 'पुढे पळवू नकोस' एवढी चिठ्ठी त्यावर चिकटवतेय. त्या अकरा मिनिटांत आई तुलाच शोधतेय.

तुझी,
राईचा पर्वत करणारी धाकटी