दुहेरी दोऱ्याचं बटण

प्रिय नकटे,

तीन वेळा फोन केलास आणि तिन्ही वेळा मी गुडघ्यांवर ढकललं. गुडघे ठणठणीत आहेत. कालच तीन जिने चढून गेले, मध्ये दम खायलासुद्धा थांबले नाही. रविवारी तुझ्याशेजारी त्या कॅमेऱ्यासमोर बसायला मी नाही म्हणतेय त्याचं कारण वेगळंच आहे. ते फोनवर सांगायला गेले असते तर तू मध्येच हसली असतीस आणि मी आयत्या वेळी सुनेच्या तब्येतीवर वगैरे घसरले असते. म्हणून लिहितेय. चष्मा शोधून ठेव, पत्र लांबणार आहे.

त्या व्हिडिओवाल्या मंडळींचं काम तू नुसतं मोबाईलवर पाहिलंयस, मी तीन दिवस त्यांच्यात बसून आले. गाजलेले जुने प्रसंग उचलायचे आणि आजच्या नटनट्यांकडून एका मिनिटाच्या व्हिडिओत पुन्हा करून घ्यायचे, हा त्यांचा उद्योग. आधी त्यांनी कुणा गायकाचा प्रसंग केला. भर मैफलीत गाणं थांबवून तो आपल्या गुरूला स्वतःची जागा देतो. मग कुठल्याशा धावपटूचा केला. आता पाळी तुझ्या बटणाची. तू इतक्या लांब राहतेस, त्यांना मूळ प्रयोगातलं कुणीतरी जवळपास हवं होतं, आणि तू झटकन माझं नाव सांगितलंस. तुझं मन मोठंच आहे. तोच तर मला जन्मभराचा ताप आहे.

गोदामासारखी मोठी खोली, मधोमध इस्त्रीचं टेबल, कपड्यांची टोपली, आणि चहूकडे वायरी. केसांत पेन्सिल खोचलेली एक मुलगी सगळ्यांना हाकत होती, तिला सगळे कॅप्टन म्हणतात. तिनं मला बऱ्यापैकी खुर्ची दिली आणि म्हणाली, काकू, आम्हाला अगदी पहिल्यापासून सांगा. मग मी आपलं नाटक सांगितलं, तू बायकोचं काम करायचीस ते. नवरा बोटीवर नोकरीला गेलेला, आणि तिसऱ्या अंकात बायकोला कळतं की तो आता येणार नाही. ती कपड्यांच्या घड्या घालत असते. त्याचा शर्ट हाती येतो, तिसरं बटण नाही हे तिला दिसतं, ती म्हणते, 'बटण तुटलंय. परत आला की लावीन.' आणि पडदा. साठ प्रयोग असेच झाले. एकसष्टावा टीव्हीसाठी चित्रित व्हायचा होता, भर दुपारी, आणि त्या दिवशी तू शर्ट उघडलास तर बटण जागच्या जागी. तू थबकलीस. विंगेकडे पाहिलंस. मग स्वतःच ते बटण धरून ओढून तोडलंस, आणि मग वाक्य म्हणालीस. वाट पाहायला त्या बाईनं आपल्या हातानं निमित्त तयार केलं! लिहिणाऱ्यालाही जे सुचलं नव्हतं ते तू एका क्षणात करून टाकलंस. पोरं डोळे विस्फारून ऐकत होती. एकानं विचारलं, पण मग त्या दिवशी बटण आलं कुठून? मी म्हटलं, कपडेपटाचा घोळ. चौतीस वर्षं मी हेच सांगत आलेय.

आता थोडं मागचं. तुला नकटी हे नाव शाळेत मी ठेवलं, आठवतं? सगळ्यांना वाटलं लाडानं. लाड कसले, तुझं काहीतरी माझ्यापेक्षा डावं असावं एवढीच इच्छा होती. नाक सोडून दुसरं काही सापडलं नाही. नाटक बसवणाऱ्या मास्तरांनी आपल्या दोघींचं वाचन घेतलं तेव्हा मी पुस्तक मिटून वाचलं होतं, म्हणजे वाचलंच नव्हतं, तिन्ही अंक तोंडपाठ म्हटले होते. तू तीनदा अडखळलीस, एकदा शिंकलीस. आणि मास्तर म्हणाले, ही बायको करेल, आणि तुला सगळं पाठ आहे ना, मग तू विंगेत वही घेऊन बस, तुझ्यासारखी प्रॉम्प्टर मिळायची नाही. मी मान डोलावली. घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. मग तू माझं नाव 'कुजबूज' ठेवलंस आणि सगळी नाटक कंपनी मला त्याच नावानं हाक मारू लागली. माझ्या आईनं वर्तमानपत्रातला तुझा फोटो कापून स्वयंपाकघरात ओट्याच्या वर चिकटवला होता. माझ्या आईनं, माझ्या घरात. दोन वेळचं जेवण मी तुझ्याकडे बघत जेवायचे.

हे सगळं मी विसरले होते असं मला वाटत होतं. पण ती नवी नायिका आली आणि सगळं वर आलं. दहा लाख लोक तिला मोबाईलवर बघतात म्हणे. पोरगी गुणी आहे, नमस्कार करते, खुर्ची देते, मला तिचा दोष काढायला फार कष्ट पडले. तिचा राग एवढाच की साठीच्या म्हातारीसमोर तिनं येऊन तो शर्ट उचलला, आणि पुन्हा एकदा तो माझ्या हातात नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या वयात, नकटे, नातीच्या वयाच्या पोरीवर! तुझ्यावर जळून झालं, आता तुझ्या नकलेवरही जळतेय.

आणि तिचं घोडं अडलं ते बटणापाशीच. कॅप्टननं जुनं चित्रण अगदी हळू करून मोठ्या पडद्यावर लावलं. तू बटण ओढतेस आणि ते निघत नाही. दुसऱ्यांदा ओढतेस तेव्हा निघतं. त्या दोन हिसड्यांच्या मधे तुझा चेहरा जो होतो, लोक तो बघायला येतात असं ती म्हणाली. आता हिच्या शर्टाचं बटण पहिल्याच झटक्यात टपकन पडायचं. तुटायला सोपं जावं म्हणून त्यांनी ते एकेरी दोऱ्यानं, दोनच टाक्यांत लावलेलं. ती दुसऱ्या हिसड्याचं नाटक करायची आणि ते नाटकच दिसायचं. नऊ शर्ट झाले. शेवटी मला राहवलं नाही. सुई मागितली. दोरा दुहेरी घेतला, सहा टाके घातले, बटणाच्या खाली तीन वेढे दिले, उलट्या बाजूला गाठ मारून वर आणखी एक गाठ मारली. शर्ट दिला. पोरीनं ओढलं, निघालं नाही, ती खरीच दचकली, पुन्हा जीव खाऊन ओढलं. सगळ्या खोलीनं टाळ्या वाजवल्या. कॅप्टननं मात्र टाळी वाजवली नाही. तिनं पेन्सिल केसांतून काढली आणि विचारलं, काकू, किती टाके होते ते तुम्हाला कसं माहीत?

मला माहीत होतं, कारण ते मीच लावलं होतं.

त्या दिवशी चित्रणाच्या आधी सगळे जेवायला गेले. मी रंगपटात एकटी होते. शर्ट खुंटीवर होता. मी डबा उघडलाच नाही, सुई-दोरा घेतला आणि बटण लावलं. मला वाटलं, हिला बटण दिसेल, 'बटण तुटलंय' म्हणता येणार नाही, ही ततपप करेल, आणि ते घराघरांत दिसेल. एकदाच दिसेल, पण कायमचं. एवढीच माझी इच्छा होती, आणि ती इतक्या शांतपणे मनात आली की माझा एकही टाका वाकडा पडला नाही. मग प्रसंग आला. तू विंगेत माझ्याकडे पाहिलंस आणि मी मान खाली घालून वहीत बघत बसले. मला वहीत काय बघायचं होतं? मला अख्खं नाटक पाठ होतं.

पडदा पडल्यावर तू विंगेत आलीस तेव्हा दोऱ्यानं तुझं बोट कापलं होतं, रक्त येत होतं, आणि तू हसत होतीस. 'कुणी लावलं गं हे, काय पक्का टाका आहे!' म्हणालीस. मी तुझ्या बोटाला चिंधी बांधली. तेव्हापासून प्रत्येक मुलाखतीत तू सांगत आलीस की मी विंगेत पाहिलं, माझ्या मैत्रिणीनं मान खाली घातली, म्हणजे ती मला म्हणत होती, तुझं तू सांभाळ, तुला जमेल. तिच्या त्या विश्वासावर मी बटण तोडलं. नकटे, दर वेळी मी ते ऐकते आणि माझी तळपायाची आग मस्तकात जाते. मी तुला पाडायला गेले आणि तू तिथूनच उंच झालीस, वर माझ्या दुष्टपणालाही चांगलं नाव देऊन मोकळी झालीस. मला साधं वाईटसुद्धा होऊ दिलं नाहीस.

परवा आणखी एक झालं. उजेड कसा पडतो ते बघायचं होतं, पोरगी तोंड रंगवायला गेली होती, तर कॅप्टन म्हणाली, काकू, दोन मिनिटं तिच्या जागी उभ्या राहाल का? मी उभी राहिले. शर्ट हातात आला. चौतीस वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते झालं. मी घडी घातली, उघडली, बटण जागेवर होतं, मीच लावलेलं. आणि मी स्पष्ट आवाजात म्हटलं, 'बटण तुटलंय. परत आला की लावीन.' बटणाला हातही लावला नाही. वहीत तसं लिहिलेलं नाही ना. दिवेवाला म्हणाला, काकू, जरा डावीकडे. मी डावीकडे सरकले आणि मला मास्तर आठवले. त्यांनी बरोबरच निवडलं होतं.

तर रविवारी व्हिडिओच्या शेवटी आपण दोघी बसायचं, तू माझा हात धरून सगळ्यांना सांगायचं की हे हिच्यामुळे झालं. ते खरंही आहे, आणि म्हणूनच मला तिथं गप्प बसवणार नाही. कॅप्टनला मी काही सांगितलेलं नाही, आधी तुला कळावं म्हणून. 'पक्का टाका' म्हणालीस तेव्हा तुला कळलं होतं का, हेही विचारायचंय, पण उत्तर हो असेल तर जरा दमानं सांग, कारण मग जळायलाही माझ्याकडे काही उरणार नाही. सोबतच्या पुडीत ते बटण आहे. त्या दिवशी रंगमंच झाडताना सापडलं, तेव्हापासून माझ्या सुई-दोऱ्याच्या डब्यात होतं, मधे अजून तुझा ओढलेला दोरा आहे. शर्ट तुझ्याकडे आहे, मला माहीत आहे. हे वाचून फोन आला नाही, तर मी समजून जाईन आणि तुझ्या वाटेला जाणार नाही. आला, तर रविवारी येताना शर्ट घेऊन ये. सुई-दोरा मी आणते. लावू का, असं या वेळी तुला आधी विचारीन.

तुझीच,
कुजबूज