पत्ता न विचारता

रविवार, १६ नोव्हेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

नावाआधी सौ. लिहायचं की नाही, या विचारात बराच वेळ पेन नुसतंच हातात धरून बसलो होतो. शेवटी नाही लिहिलं. आमची तू ठमीच.

इकडे सर्व ठीक. तुझ्या आईचा गुडघा आता बराच बरा आहे. जिन्यात मला "व्हा पुढे" म्हणते आणि मधल्या वळणावर मीच धापा टाकताना दिसलो की हसते. तुझ्या खोलीची खिडकी फुगून घट्ट बसली होती, ती सुताराकडून तासून घेतली. आता एका बोटाने उघडते.

पत्र आत्याच्या हाती देतो आहे. ती म्हणाली, "दादा, लिही तू, मी पोचवते. पण कुठे, कसं, कधी, एक अक्षर विचारायचं नाही." धाकटी असून मला थोरलीसारखी दटावते. मी मान डोलावली.

ऑफिसात घाईचे दिवस होते. आमच्या ब्राउझरची नवी आवृत्ती काढली, मोबाईलची आणि कॉम्प्युटरची एकाच दिवशी. तू माहेरी आली होतीस तेव्हा जेवताना विचारलं होतंस, "बाबा, तुमच्या ब्राउझरमध्ये शोधलेलं खरंच मागे राहत नाही?" मी खुशीत येऊन जेवण गार होईपर्यंत समजावत बसलो. बंद केला की सगळं पुसलं जातं, आम्हालाही काही दिसत नाही, दुसऱ्या कुणी फोन तपासला तरी हाती काही लागत नाही. तू एवढंच म्हणालीस, "मग माझ्या फोनवर टाकून द्या."

तुझा नवरा रोज तुझा फोन बघायचा, आणि खोली, काम, जायची गाडी, सगळं तू आमच्या ब्राउझरमध्येच शोधलंस, हे मला तू निघून गेल्यावर आत्याकडून कळलं. कुठे गेलीस ते मला सांगितलं नाहीस याचा राग नाही. तू आत्याला म्हणालीस ते तिने जसंच्या तसं सांगितलं: "बाबांना खोटं बोलता येत नाही. तो घरी येऊन विचारेल आणि बाबांचे कान लाल होतील." खरंच आहे ते.

आता जे सांगायचं म्हणून कागद घेतला ते सांगतो. मघापासून गुडघे आणि खिडक्याच लिहितो आहे.

ब्राउझर मध्येच अडकला तर वापरणारा हवं तर आम्हाला तक्रार पाठवतो, दोन ओळी लिहितो. तक्रारीबरोबर इंटरनेटचा एक पत्ताही येतो. त्यावरून घर नाही, पण गाव कळू शकतं. तो आम्ही दारातच काढून टाकतो आणि मग तक्रार साठवतो. नव्या आवृत्तीत आमच्याकडून क्रम उलटा झाला. आधी साठवणं, नंतर काढणं. आणि काढणं राहूनच गेलं.

मराठीतल्या तक्रारी माझ्याकडे येतात. ही चूक लक्षात आली त्या सकाळी एक अशी होती: "मोठा फॉर्म भरताना शेवटच्या रकान्याशी आला की रुसून बसतो. समजूत घातली तरी ऐकत नाही." तू पंख्यालाही रुसला म्हणायचीस आणि त्याची समजूत घालायचीस. अशा दुसऱ्याही मुली असतील. असतीलच. पण मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

आमच्याकडे नियम आहे. चुकून जमा झालेलं एकट्याने पुसायचं नाही. दोघांनी एका पडद्यासमोर बसायचं, न उघडता पुसायचं, आणि चूक झाली होती हे सगळ्यांना जाहीर सांगायचं. माझ्याबरोबर आमची प्रमुख बसली. तुझ्याच वयाची आहे. कामाआधी मी हात जोडतो म्हणून मला गुरुजी म्हणते.

"गुरुजी, नमस्कार झाला असेल तर दाबा."

मी बटण दाबलं नाही.

"काय झालं?"

"यातली एक तक्रार ओळखीची वाटते. लेकीची असावी."

तुझ्याबद्दल तिला थोडंफार माहीत आहे. ती टेबलावरची बाटली उचलून म्हणाली, "मी पाणी भरून आणू का?" बाटली भरलेली होती. कुणासाठी नियम वाकवताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"नको," मी म्हणालो. "बस इथेच. तू उठलीस तर मी बघेन."

ती बसली. मी बटण दाबलं. सगळे पत्ते गेले, त्यात तोही गेला.

परवा तो घरी आला. खुर्चीत रेलून म्हणाला, "बाबा, तुम्ही कॉम्प्युटरवाले. मनात आणाल तर शोधून काढाल."

"मला माहीत नाही ती कुठे आहे."

"खरंच?"

"खरंच."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि चहा तसाच ठेवून उठला. दार लावून वळलो तर तुझी आई भिंतीला टेकून उभी. "कान नाही हो लाल झाले तुमचे," म्हणाली आणि आत जाऊन रडत बसली. इतके दिवस तिला वाटत होतं की मला पत्ता माहीत आहे आणि मी तो तिच्यापासूनही लपवतो आहे. त्या आधारावर ती दिवस काढत होती. तो आधार मी परवा काढून घेतला.

फॉर्मचा तो दोष मी स्वतः दुरुस्त केला. कसला फॉर्म होता, नोकरीचा, शिकण्याचा की कोर्टाचा, हे मनात येतं आणि मी ते तिथेच सोडतो. दुरुस्त केलेली आवृत्ती काल सगळ्यांना गेली. त्या सगळ्यांत तू आहेस का, हे मला कळायची सोय नाही. ती मीच ठेवलेली नाही.

पुन्हा कुठे अडलं तर लिही. नाव घालू नकोस. मी रोज सकाळी वाचतो.

देवापुढे बसलो की काय मागावं ते सुचत नाही. तिला सांभाळ म्हणतो. कुठे, ते त्याला सांगावं लागत नाही.

जिथे असशील तिथे,
तुझाच,
बाबा