चिनात्सुच्या लग्नात आधी बूट कोणी काढले

नागाओका,
२९ जून

प्रिय फुसाएताई,

तुझ्या धाकट्या भावाचा कमरेत वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो होतो. कंबर तिथेच धरली, म्हणून पत्राला दोन दिवस उशीर.) पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल दोन नाजूक वाक्यं लिहावीत असा आपल्याकडचा दंडक आहे, तेव्हा लिहितो : अंगणातली हायड्रेंजियाची फुलं निळी झाली आहेत आणि कपाटातले माझे चामडी पट्टे हिरवे झाले आहेत. तुझे गुडघे काय म्हणतात? तोकुजीभाऊजींचा भात कसा उभा आहे? तू स्वतः ठणठणीत असणार यात मला शंका नाही, कारण तू रागावलेली असलीस की सर्दीसुद्धा तुझ्या वाटेला जात नाही.

आता रागाचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकतो. चिनात्सुच्या ख्रिस्ती पद्धतीच्या लग्नाच्या आमंत्रणाला तुझं उत्तराचं कार्ड मिळालं. ‘ज्या देवाला आपण नव्या वर्षाला कधी साधे हात जोडले नाहीत, त्याच्याकडे पोरीच्या संसारासाठी काय तोंडाने मागायचं? मी येणार नाही.’ एवढंच, आणि खाली सहीसुद्धा नाही. ताई, मुद्दा बिनतोड आहे. पण दर डिसेंबरात त्याच देवाच्या वाढदिवसाचा स्ट्रॉबेरीवाला केक तू दोन तुकडे खातेस, तेव्हा ओळख अगदीच नाही असं म्हणता येणार नाही. ते असो. माझ्या चिनात्सुने ते कार्ड वाचलं आणि पर्समध्ये ठेवलं. तिची आई गेल्यावर मी चार वर्षांची पोर तुझ्या पदरात टाकली होती, दहा वर्षांची होईपर्यंत तू तिला वाढवलंस. तिच्या लग्नात सगळं जग आलं असतं आणि तू नसतीस तर तिच्या लेखी कोणीच आलं नसतं. आणि नेमकं तेच झालं. म्हणून हे पत्र. तू तिच्याशी पुन्हा बोलावंस, एवढ्यासाठीच मी कंबर धरून बसलो आहे.

तर लग्न. हॉटेलच्या सातव्या मजल्यावर, गाड्या लावायच्या मजल्याच्या बरोबर वर, सेंट एव्हलिनाचं चॅपल आहे. ही संत कोण, असं मी हॉटेलच्या तोगाशीबाईंना विचारलं. लग्नाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती. त्यांनी वही चाळली, फोन केला, माफी मागितली आणि सांगितलं की संत शनिवार, रविवार आणि सणाच्या दिवशी उपलब्ध असते. मी हसलो नाही. अडतीस वर्षं डिपार्टमेंट स्टोअरच्या भेटवस्तू बांधून द्यायच्या विभागात काढलेला माणूस मी, एक कागद आणि एक चिकटपट्टी यांत वाटेल ते खोकं बसवलेलं आहे. आत काय आहे हे माझ्या दृष्टीने नेहमीच दुय्यम राहिलं. आणि त्या चॅपलची बांधणी, ताई, एका चिकटपट्टीतली होती! रंगीत काचांमागे दिवे बसवलेले, म्हणजे बाहेर धो धो पाऊस असला तरी आत सकाळचं कोवळं ऊन. (जूनमध्ये लग्न केलं की नवरी सुखी होते, असं पाश्चात्त्य लोक मानतात म्हणे. त्यांच्याकडे जूनमध्ये ऊन असतं, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही.) केक पाच मजली, त्यातले साडेचार रबराचे. सुरी घालायला मागून एक फट ठेवलेली. हाच केक नऊ वर्षं कापला जातोय आणि अजून ताजा दिसतो. मी तो मागून पुढून पाहिला आणि मनातल्या मनात त्या कारागिराला मुजरा केला.

पाद्री वॉरन न्यूझीलंडचा आहे. सहा फूट दोन इंच, दाढी मधाच्या रंगाची. सोमवार ते शुक्रवार इंग्रजी शिकवतो, शनिवार-रविवार लग्नं लावतो. आपली भाषा तो आपल्या भाजीवाल्याइतकी सफाईने बोलतो, अगदी इथल्या हेलासकट. पण लग्नात मोडकीतोडकी बोलायची असा त्याच्या एजन्सीचा नियम आहे, नाहीतर गिऱ्हाईकाला परदेशी वाटत नाही. ‘तूम्ही... हीला... सूखात... दूःखात?’ असं तो इतक्या तळमळीने अडखळतो की बायकांचे रुमाल आधीच निघतात. चॅपलमधल्या मधल्या वाटेला आपण ‘व्हर्जिन रोड’, म्हणजे ‘कुमारिकामार्ग’ म्हणतो ना, तो इंग्रजी शब्द त्याने जन्मात पहिल्यांदा नागाओकात ऐकला. त्याच्या बहिणीचं लग्न म्हणे घरामागच्या गवतावर, मटण भाजायच्या शेगडीशेजारी झालं आणि नवरदेव अर्ध्या चड्डीत होता. मी त्याला म्हटलं, अरेरे. तो म्हणाला, म्हणूनच मी इथे राहिलो.

त्या कुमारिकामार्गावरून मुलीला हात देऊन न्यायचं काम बापाचं. मी महिनाभर सराव केला. एक पाऊल, पाय जुळवायचा, थांबायचं, दुसरं पाऊल. घरच्या व्हरांड्यात तांदळाची दहा किलोची पिशवी कडेवर घेऊन रोज तीस फेऱ्या. (शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, काय हो, बाळ कुणाचं?) चुकायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. कारण मुलाकडचे लोक भारी. व्याही हायामीसाहेब दातांचे डॉक्टर आहेत आणि आठ दिवसांत युरोपातले सात देश पाहून आलेले आहेत. बोलता बोलता ‘तिकडे’ म्हणतात आणि डोळे मिटतात.

आणि आता ते घडलं ते ऐक. सकाळी चिनात्सुचा मेकअप दोनदा करावा लागला, कारण पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर सोनेरी अक्षरांत ‘आत्या’ अशी चिठ्ठी होती आणि खुर्ची रिकामी होती. मी म्हटलं, चिठ्ठी काढून घेऊ का? नको म्हणाली. मग बाजा वाजला, दारं उघडली आणि हॉटेलच्या मुलींनी आमच्यासमोर एक पांढरंशुभ्र, कोरं, इस्त्रीची घडी न मोडलेलं कापड सरसर उलगडत नेलं. कापडाच्या सुरुवातीला एक पायरी होती. चार बोटांची का होईना, पण वर चढायची पायरी.

ताई, तूच सांग. समोर पायरी, पायरीवर शुभ्र अंथरूण, आणि पायांत पावसातून आलेले बूट. मी काही विचार केला नाही. विचार करत होतो तो पाय जुळवण्याचा. पायांनी त्यांचं त्यांचं बघितलं. अर्धी वाट चालून गेल्यावर बोटांना गार लागलं आणि खाली पाहतो तो काय, तू नव्या वर्षाला पाठवलेले पाच बोटांचे मोहरीच्या रंगाचे लोकरी मोजे! दहाही बोटं सुटी सुटी, सगळ्या पाहुण्यांना मोजता येतील अशी.

चिनात्सु ओढणीतून पुटपुटली, ‘बाबा, बूट.’

मी म्हटलं, ‘नीट ठेवलेत. दाराकडे तोंड करून.’

खरंच ठेवले होते. निघताना पाय सरकवायला सोपे जावेत असे, जोडीने, भिंतीलगत. आपल्या आईने लावलेली शिस्त, ती काय सूट घातला म्हणून जाते? पण माझ्या पायाखालची जमीन सरकली. पोरीच्या आयुष्यातला एक दिवस, आणि बापाने तो मोज्यांत घालवला. परत जावं तर बाजा पुढे चाललेला, पुढे जावं तर हायामीसाहेब.

तेवढ्यात वॉरनने माझ्या पायांकडे पाहिलं. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. तो पोथीच्या टेबलामागे किंचित वाकला आणि वर आला तेव्हा त्याचे होडीएवढे बूट बाजूला ठेवलेले होते. (डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक. मला त्या क्षणी तो सख्ख्या भावासारखा वाटला.) नवरदेव योहेईला वाटलं, सरावात हे सांगितलं होतं आणि आपणच विसरलो, त्याने घाईघाईने बूट काढले. मग सगळ्यांची डोकी हायामीसाहेबांकडे वळली. ते डोळे मिटून बायकोच्या कानात, पण तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले की तिकडच्या जुन्या देवळांत असंच असतं, नव्या लोकांना ते माहीत नाही. संपलं! बेचाळीस माणसं खाली वाकली. चिनात्सुने माझ्या खांद्याला धरून एकेक करत सॅटिनचे उंच टाचांचे बूट काढले, चांगली चार बोटं बुटकी झाली आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली. तिच्या झग्याचा घोळ जमिनीवर लोळायला लागला तसा तो तिने डाव्या हाताने वर खोचून धरला, तू शेतात धरतेस तसा.

आणि आता आपल्या हॉटेलवाल्यांची कमाल बघ. वॉरनने ‘तूम्ही... हीला...’ म्हणेपर्यंत तोगाशीबाई चार मुलींसह बाजूच्या दाराने आल्या, त्यांच्या हातांत बेचाळीस जोड सपाता, प्रत्येकीवर सोनेरी अक्षरांत सेंट एव्हलिना. त्या वाकत वाकत प्रत्येकाच्या पायाशी ठेवत गेल्या आणि सपाता आणायला उशीर झाल्याबद्दल प्रत्येकाची माफी मागत गेल्या. चूक आमची, माफी त्यांची! कुठल्या देशात असं असतं सांग. वॉरन नंतर बिअर पिताना म्हणाला, की त्याच्या देशात लोक आधी हसले असते, मग फोटो काढले असते आणि मग पुढची चाळीस वर्षं प्रत्येक नाताळला तीच गोष्ट सांगितली असती. मी म्हटलं, पाश्चात्त्य संस्कृती तुम्ही शोधून काढली असेल, पण तिला नीट बांधून द्यायला आम्हीच पाहिजे. त्याने ते मान्य केलं. (चौथी बिअर होती, तरी मान्य केलं ते केलंच.)

तेव्हा लग्न सुरेख झालं. लोक खूश, हायामीसाहेब तर सर्वांत जास्त खूश. फक्त तुझ्या खुर्चीसमोरही तोगाशीबाईंनी आणखी एक जोड सपाता ठेवली होती. ती शेवटपर्यंत तशीच राहिली आणि चिनात्सुचं लक्ष पुन्हा पुन्हा तिकडे जात होतं. मी बाप आहे, मला दिसतं.

भाऊजींना नमस्कार सांग. त्यांचा भात आणि तुझा राग, दोन्ही वेळेवर कापले जावोत.

तुझा भाऊ,
इवाओ

ता. क. : हॉटेलचं नवं माहितीपत्रक आलं. त्यात ‘जुन्या युरोपीय पद्धतीचा अनवाणी विवाह’ असा एक नवा प्रकार आहे, आणि दर नेहमीपेक्षा चढा आहे. हायामीसाहेबांनी ते पत्रक ओळखीच्या सगळ्यांना पाठवलं.

दुसरा ता. क. : खरं काम राहूनच गेलं. पायरीपाशी सूचना लावली नव्हती ही आपलीच चूक, असं हॉटेलने ठरवलं आणि भरपाई म्हणून एक कूपन दिलं : कोणत्याही एका स्त्रीला पांढऱ्या पोशाखात, चॅपलमध्ये, फुलांसह फोटो, वयाची अट नाही. चिनात्सुने त्यावर तुझं नाव लिहिलं आहे. थांब, पत्र फाडू नकोस. या पोरीला पांढऱ्या पोशाखाचं वेड कुठून लागलं म्हणून मी वर्षभर टीव्हीला, मासिकांना आणि माझ्याच स्टोअरच्या जाहिरातींना शिव्या घालत होतो. काखेत कळसा नि गावाला वळसा! जेवणाच्या वेळी तीच म्हणाली, आई गेल्यावर झोप येत नसे तेव्हा आत्या शिवणयंत्राच्या खणातून एक कापलेलं चित्र काढायची. एक गोरी नवरी, पांढरा पायघोळ झगा, मागे चर्च. आणि म्हणायची, रडू नकोस, मोठी झालीस की तुझं असं लग्न करू. ताई, ते चित्र मी ओळखतो. तुझ्या लग्नाच्या आधीपासून ते तुझ्याकडे होतं. तेव्हाही तू ते खणातल्या कागदाखाली लपवलं होतंस आणि मी पाहिलं होतं. कुणाला बोललो नाही. पोरीने तुझा शब्द पाळला आणि तू तिच्याशीच बोलेनाशी झालीस.

तिसरा ता. क. : वीस जुलैला सकाळी अकराची वेळ घेतली आहे. वॉरन येतोय. भाऊजींनी त्यांच्या सुटासाठी पोटाचं माप फोनवर स्वतः कळवलं आहे, तेव्हा त्यांना काही विचारून उपयोग नाही. ते तिथे वाटेच्या टोकाला उभे असतील. तुझं लग्न झालं तेव्हा बर्फ पडत होता आणि बाबा टोकियोत मजुरीवर, दुसऱ्यांच्या हॉटेलांच्या भिंती चढवत होते. शेजारणीचा किमोनो घालून तू सासरच्या ट्रककडे निघालीस, तेव्हा तुझा हात धरायला बारा वर्षांचा मी तेवढा होतो, आणि मी रडायला लागलो म्हणून तू मला पुलापाशीच परत पाठवलंस. या वेळी मी शेवटपर्यंत येतो.