पालीच्या पोटासारखा गोरा

३ नोव्हेंबर

आज नव्या नोकरीवर रुजू झाले आणि मन अगदी हलकं आहे. उस्मानपुऱ्यातलं मुलींचं वसतिगृह. वर मुलींच्या खोल्या; खाली माझी खोली, ऑफिस आणि स्वयंपाकघर. पिशोरच्या शाळेत पोरं हाकण्यात आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर सुनेच्या भाजीत मीठ कमी की जास्त हे बघत बसण्यापेक्षा रेक्टर होणं लाख पटीनं बरं. मुली डॉक्टर व्हायला आल्यात. सकाळी क्लास, दुपारी क्लास, संध्याकाळी मोबाइल.

स्वयंपाकाला मालनबाई आहे. पहिल्याच जेवणाला तिनं गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. मला शुगर आहे हे कळल्यावर म्हणाली, "मग गूळ मागू नका बाई, मी देणार नाय." अशी माणसं मला आवडतात. ही डायरी मेडिकलवाल्यानं फुकट दिली. डॉक्टरांनी रोजची शुगर लिहायला सांगितलंय, पण डायरी चांगली जाड आहे, म्हणून बाकीचंही लिहीन म्हणते.

६ नोव्हेंबर

वसतिगृहात एक साथ पसरलीय. काळ्या कव्हरची कादंबरी, नाव 'ओठांवर रक्त तुझे'. प्रत्येक उशीखाली एक. मी तनुजाची प्रत जप्त केली आणि दुपारी जेवण झाल्यावर वाचायला घेतली. जेवणाआधी घ्यायला हवी होती.

नायक पांढराफटक, हात बर्फासारखे गार. डबा खात नाही. नायिका झोपली की खिडकीतून आत येऊन तिच्याकडं टक लावून बसतो. तुझ्या रक्ताच्या वासानं मी वेडा होतो, असं तिला सांगतो. आमच्या गावात असं कुणी केलं असतं तर पोरीच्या भावांनी त्याला पाणंदीत गाठून तुडवला असता. ही बया मात्र दोनशे पानं उसासे टाकते. उन्हात तो म्हणे हिऱ्यासारखा चमकतो. मी उठून लिंबू-पाणी घेतलं.

तनुजा चितेगावची. वडील तिथल्या कारखान्यात आहेत. अभ्यासात एवढी तल्लख, की ही नक्की डॉक्टर होणार म्हणून सगळा क्लास बोट दाखवतो. अशा डोक्यात हे शेण कुणी भरलं कोण जाणे. तिला पुस्तक परत देताना मी चांगलं तासलं. तिनं माझ्याकडं दयेनं पाहिलं. मी कधी प्रेम केलंच नसेल, असं तिला वाटलं असणार.

११ नोव्हेंबर

आता पुस्तकातला दिवटा प्रत्यक्ष हजर झालाय. संध्याकाळी फाटकाबाहेर उभा असतो, नाव विश्वजीत. तनुजाला क्लासच्या जिन्यात भेटला म्हणे. मुली गॅलरीतून बघतात आणि किती गोरा, किती गोरा करतात. मी जवळ जाऊन बघितलं. गोरा आहे, पण पालीच्या पोटासारखा. आतलं दिसेल की काय असं वाटणारा. नखं पिवळी, त्यांच्या कडेला काळं वाळलेलं. आणि वास! मटणाच्या दुकानात ओटा पुसायचं फडकं असतं ना, तसा.

तनुजाची खोलीसोबतीण नौशीन खुलताबादची, डोकं ठिकाणावर असलेली पोरगी. ती हळूच येऊन सांगून गेली, "मॅडम, ये अपने क्लास का नहीं है. उसको पसीनाच नहीं आता."

१३ नोव्हेंबर

तनुजाला समोर बसवून खोदून विचारलं. ती लाजत लाजत म्हणाली की तो निजामाच्या काळापासून सतराच वर्षांचा आहे. तिचा पूर्ण विश्वास आहे.

मी तिला सरळ विचारलं की अगं, म्हणजे तुझ्या पणजोबाच्या वयाचा बाप्या बारावीच्या पोरींमागं हिंडतोय, याला तुम्ही काय म्हणता? प्रेम म्हणतात, असं ती म्हणाली. आणि एवढ्या वर्षांत बारावी नाही सुटली? यावर ती रुसली. मग स्वतःच सांगितलं, की घरच्या बाईनं बोलावल्याशिवाय तो उंबरा ओलांडू शकत नाही, पुस्तकातही तसंच आहे, त्यामुळं मी काळजी करू नये. या घरची बाई म्हणजे सध्या मी. मग तो जन्मभर फाटकाशीच उभा राहील.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज भर उन्हात आला. चमकतो हे खरं आहे. पावसाळ्यात न्हाणीच्या भिंतीवर गोगलगाय चालून गेली की मागं जशी चकचकीत रेघ राहते, तसा अंगभर चमकतो. फाटकाच्या गजाला त्यानं हात लावला होता तिथं ते चिकट राहिलं. मालनबाईनं फिनेल ओतून घासलं आणि शिव्या घातल्या. तनुजाच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं, सौंदर्यानं.

१८ नोव्हेंबर

माझ्या हातून चूक झाली. मुद्दाम नाही, पण झाली.

तिन्हीसांजेला दिवा लावताना मी पुढचं दार सताड उघडते. सासूबाईंनी लावलेली सवय. दिवेलागणीला दार बंद ठेवलं तर लक्ष्मी परत जाते, म्हणून दार उघडायचं, उंबऱ्यावर दिवा दाखवायचा आणि 'ये, घर तुझंच आहे' म्हणायचं. आल्यापासून रोज तेच करतेय, आज फाटक लावायचं तेवढं राहून गेलं होतं. हात जोडून डोळे मिटले होते. उघडले तर तो दिव्याच्या अलीकडं उभा होता.

अगदी नम्रपणे म्हणाला की दार उघडलंत, दिवा दाखवलात, ये म्हणालात, आता घरच्या बाईचा शब्द कसा मोडू. मी केरसुणी उचलली. तो हसला. दात बारीक आहेत आणि खूप आहेत.

१९ नोव्हेंबर

मला वाटलं होतं तो जिन्यानं वर तनुजाकडं जाईल, म्हणून मी जिन्यात खुर्ची टाकून बसले. वर गेला नाही. ऑफिसात पाहुण्यांच्या खुर्चीवर बसून हुंगत राहिला आणि पुस्तकातली वाक्यं मला ऐकवू लागला. माझ्या रक्ताचा वास त्याला वेडा करतो म्हणे. इतकं गोड रक्त त्याला किती तरी वर्षांत भेटलं नाही.

मी एकसष्ट वर्षांची आहे. म्हटलं, मेल्या, ती शुगर आहे. आणि ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये. तो उठून गेला. खुर्चीची गादी ओली होती.

२२ नोव्हेंबर

दुपारी जरा लवंडले होते. जाग आली तेव्हा तो उशाशी बसून टक लावून बघत होता. कानामागं काही तरी गार, ओलं. लहानपणी म्हशीच्या कासेजवळून मी गोचिड्या ओढून काढायचे. टम्म फुगलेल्या, पाय हवेत हलणाऱ्या. त्याचं पोट सदऱ्याखाली तसंच फुगलं होतं. ढेकर दिली त्यानं, माझ्या तोंडासमोर.

दुखलं नाही. याचीच जास्त किळस येते.

२३ नोव्हेंबर

उपाशीपोटी शुगर ९४. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. फोनवर डॉक्टर खूश झाले, जे करताय तेच चालू ठेवा म्हणाले.

पोलिसांना काय सांगू? मुलाला फोन केला. तो म्हणाला, आई, शुगर उतरली की असं काही तरी दिसतं, साखर खा.

२५ नोव्हेंबर

आज तनुजानं पाहिलं. पाणी न्यायला खाली आली होती आणि माझ्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्यानं मान वर केली तेव्हा हनुवटीवरून ओघळत होतं आणि तो जिभेनं चाटत होता, कुत्रं ताट चाटतं तसा. तिच्याकडं बघून त्यानं तेच पुस्तकातलं हसू केलं.

पोरगी तिथंच ओकली. मग मोरीत पुस्तकाचं पान पान फाडलं आणि माझ्या गळ्यात पडून रडली. मॅडम, तुम्ही बरोबर होता, म्हणाली. मला बरं वाटलं. पण तिचा गळा माझ्या नाकाशी होता आणि —

नाही. ते लिहायचं नाही.

२६ नोव्हेंबर

मुली घाबरून घरी गेल्या. नौशीनला तिचे अब्बा घेऊन गेले. जाताना ती तनुजाला ओढत होती, पण तनुजाच्या वडिलांनी फोनवर सांगितलं की उद्या कारखाना सुटला की स्वतः येतो, अनोळखी गाडीत पाठवू नका. म्हणून ती राहिली.

मालनबाई काम सोडून गेली. "तुमच्या अंगाला त्याचाच वास यायलाय बाई," म्हणाली. मी माझा पदर हुंगला. मला काहीच वास येईना.

२७ नोव्हेंबर, सकाळी

अजून शुद्धीवर आहे तोवर लिहिते. तनुजाला तिच्या खोलीत घातलं, आतून कडी लावायला लावली. बजावलं, की तो आला, रडला, पाया पडला, तरी उघडायची नाही. वडील संध्याकाळपर्यंत येतील. मधे उघडायची ती फक्त माझा आवाज ऐकून. माझा आवाज तू ओळखतेस. ती हो म्हणाली.

त्या पोरीला तिच्या बापाच्या हातात सुखरूप द्यायचं. बाकी माझं काही होवो.

दुपारी

त्याला किळसवाणा म्हणायचे मी. मागची पानं पुन्हा वाचली. कुठून सुचलं असं — उन्हात बसलाय, चमकतोय. किती

फिनेलचा वास मात्र सहन होत नाही.

दिवेलागण

जिन्यावर बसलेय, तिच्या दाराबाहेर. तो मागं उभा आहे, हात माझ्या मानेवर, गार, बरं वाटतं. म्हणतो एकटं फार वाटतं, तिघं असलो तर — चूक काय त्यात. पोर दिवसभर उपाशी आहे. मी तिला हाक मारली. बाळा, मी आहे, म्हटलं.

विचारते, मॅडम, नक्की तुम्हीच ना?

मीच की. मीच आहे. पोर आतून रडतेय, हुश्श झालं म्हणतेय, वेडी — कडी काढतेय —