तुमच्या घराखालची माती

सर, तुमची इमारत पाडली. तिसऱ्या मजल्यावरचं तुमचं स्वयंपाकघर काही दिवस अर्धं उघडं पडलं होतं, रस्त्यावरून ओट्यामागच्या पांढऱ्या टाइल्स दिसायच्या, आणि खांदा कॉलनीतून जाताना मी मुद्दाम मान दुसरीकडे वळवायचे. आता तिथे पत्र्याचं कुंपण आहे आणि त्यावर एका उंच टॉवरचं रंगीत चित्र. चित्रात कारंजं आहे, हिरवळ आहे, हातात हात घालून चालणारं जोडपं आहे. तुम्ही असता तर त्यासमोर उभं राहून वॉचमनलाच विचारलं असतं, "आणि पाया कुठे काढलाय?" आता ते विचारणारं कुणी उरलेलं नाही. मी विचारलं, पण मला कोण विचारतं!

तुम्ही मला पहिल्यांदा साइटवर नेलंत ते पळस्प्याच्या अलीकडे, एका गोदामाच्या जागेवर. पदवी ताजी होती आणि पायांत नवे बूट होते, ते तिथल्या चिखलाने लगेच गिळले. बोअरमधून खाली एक दांडा सोडलेला, त्याच्या टोकाला चार पाती. वरून हँडल फिरवायचं, पाती खालच्या चिकणमातीत फिरायला बघतात, माती त्यांना अडवते, आणि ती किती नेट धरते ते तबकडीवरचा काटा दाखवतो. माती तुटली की काटा मागे येतो. तो जिथवर चढला तेवढा तिचा दम, आणि त्या दमावर ठरायचं की वर किती ओझं ठेवायचं. ऊन मी म्हणत होतं. मी भराभर फिरवलं, आकडा वाचला आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले.

"बाई, ही रसवंती नाही," तुम्ही सगळ्या मजुरांसमोर म्हणालात. "घाईने फिरवलंस की माती आहे त्यापेक्षा ताकदवान दिसते. तिला खोटं बोलायला लावू नकोस. बघणाऱ्याला कंटाळा आला पाहिजे, इतकं हळू फिरव."

मला रडू आलं असतं, पण त्याहून जास्त राग आला होता. पाती आणखी खाली, न दुखावलेल्या मातीत ढकलली जातात आणि मी पुन्हा हँडल धरते. तुम्ही हातात घड्याळ घेऊन शेजारी उभे आहात. काटा इतका हळू सरकतोय की मजूर खरंच जांभया देतायत. आणि आकडा कमी येतो, चांगलाच कमी. तुम्ही डब्यातली पोळीभाजी उघडता आणि अर्धी माझ्यापुढे करता. त्या दिवसापासून मी तुमची शिष्या झाले.

काकूंच्या स्वयंपाकघरात मात्र तुमची मास्तरकी चालायची नाही. जमिनीखालून नळीत भरून आणलेला मातीचा नमुना दोन्ही तोंडांना मेण ओतून बंद करायचा, नाहीतर तो सुकतो. बोटाने दबणारी माती सुकली की प्रयोगशाळेत विटेच्या तोऱ्यात वागते. पण हे मेण तुम्ही वितळवायचात काकूंच्या दुधाच्या पातेल्यात. "पाहुण्यांच्या चहाला मेणाचा वास येतो, काय तोंड दाखवू मी?" काकू म्हणायच्या. त्यांच्याच ओट्यावर तुम्ही मला विरजलेलं दही दाखवलंत. आधी चमच्याने कापलंत, वडी कशी उभी राहिली. मग तेच ढवळलंत, आणि वाटीत काही उभं राहायला तयार नाही. "आपल्याकडची खाडीकाठची माती अशी आहे," तुम्ही म्हणालात. "निजलीय तोवर ठीक." दही वाया गेलं म्हणून काकूंनी आपल्या दोघांनाही ते ताक प्यायला लावलं. मी स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा तुम्ही ते पातेलंच मला दिलंत, वर्तमानपत्रात गुंडाळून. मी अजून त्यातच मेण वितळवते.

तुमच्या इमारतीच्या जागी टॉवर उभा करायचं ठरलं, तेव्हा माती तपासायचं काम काकूंनीच माझ्याकडे दिलं. "आमच्या ह्यांची विद्यार्थिनी आहे, दुसरं कुणी नको," असं त्यांनी सोसायटीत ठणकावून सांगितलं. मला फार बरं वाटलं होतं, सर. मग मशीन लागलं. उरणकडच्या गावातला एक जुना ड्रिलर आहे माझ्याकडे, तो दांडा सोडून हात झटकत मागे सरला. "मॅडम, ठोकायचं कामच नाय. आपल्याच वजनानं चाललाय खाली. आमी हात पण नाय लावला." मी पाती सोडली, कंटाळा येईल इतक्या हळू फिरवली. काटा चढलाच नाही म्हटलं तरी चालेल. तुम्हाला हे नवीन नाही. जिन्याची खालची पायरी वर्षानुवर्षं जमिनीत चालली होती, आणि तुम्ही दर दिवाळीला पट्टी घेऊन ती मोजायचात. चार मजल्यांचं ओझं त्या मातीने कसंबसं, कुरकुरत सोसलं. टॉवरचं सोसणार नाही. खाली खूप खोल खडक आहे, तिथपर्यंत काँक्रीटचे खांब, म्हणजे पाइल, न्यायला हवेत, असं मी लिहून दिलं.

बिल्डरला तेवढं थांबायचं नव्हतं. त्याने दुसरी प्रयोगशाळा आणली. मी एकदा सहज डोकावले तर त्यांच्या नळ्या भूमिपूजनाच्या मांडवाच्या खांबाला टेकून भर उन्हात उभ्या. मेण नाहीच, तोंडांना हारांच्या प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या, एकीला तर झेंडूची पाकळी चिकटलेली. किती दिवस तशा होत्या कोण जाणे. ती माती सुकून कडक झाली, मग तपासली गेली, आणि अर्थातच झकास पास झाली.

शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर मीटिंग झाली. मी नळ्यांबद्दल सांगितलं, मेणाबद्दल सांगितलं. मागून कुणीतरी हसलं, "मेणावरून बिल्डिंग पडते होय?" सेक्रेटरी सज्जन माणूस आहे, त्याने समजुतीच्या सुरात विचारलं, "मॅडम, तुमचा रिपोर्ट बरोबरच असेल. पण दुसराही सही-शिक्क्याचाच आहे ना? मग जो सोयीचा आहे तो आम्ही का नको घ्यायला?" हात वर करायला सांगितलं. हात वर झाले. पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर काकू बसल्या होत्या, त्यांनीही केला.

खाली उतरताना त्यांनी माझा दंड धरला. "रागावलीस? अगं, तू म्हणतेस तसं खडकापर्यंत जाईस्तोवर मी राहणार आहे का? खारघरच्या त्या भाड्याच्या घरात मला शेजारीण कोण ते माहीत नाही. मला माझ्या घरात मरायचंय. पुढचं पुढचे बघतील." बाकीच्यांशी भांडले असते, भांडलेही. काकूंना मात्र हाताला धरून जिना उतरवून दिला.

इमारत एका दिवसात पडणार नाही, हेच वाईट आहे. आधी दारं घासायला लागतील, सुताराला बोलावतील. मग भिंतीला भेग पडेल, ती पांढऱ्या सिमेंटने बुजवतील. न्हाणीतलं पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात साचेल. लिफ्ट अडेल. तोवर त्या मजल्यांवर बाळं जन्मलेली असतील. मी जिथे जिथे लिहायचं तिथे लिहून झालं, पोचपावत्या मिळाल्या, आणि काम सुरूही झालं. पत्र्यामागून दिवसभर आवाज येतो. मला ते थांबवता आलं नाही आणि आता येईल असंही वाटत नाही. तुम्ही मला मोजायला शिकवलंत, सर. मोजल्यावर कुणी ऐकलं नाही तर काय करायचं ते राहिलंच.

हे पाठवू तरी कुठे? तुमचा एकच पत्ता मला तोंडपाठ होता, आणि तिथे आता खड्डा आहे.

आणि एक सांगायचं राहिलं. मीटिंगच्या आधी काकूंचा फोन आला होता. "परत एकदा बघ की गं. माणूस आहेस, चुकलंही असेल." म्हणून मी पुन्हा मशीन लावलं, आणि गच्चीवर सगळ्यांना सांगितलं की आकडा तसाच कमी आला. ते खरंच आहे. पण त्या दिवशी मी हँडल हळू फिरवलं नव्हतं. काकूंना एकदा तरी "हो" म्हणता यावं, म्हणून मी ते रसवंतीच्या चाकासारखं गरागरा फिरवलं. ड्रिलरने विचारलंसुद्धा, "मॅडम, आज घाई हाय काय?"

तरीही काटा चढला नाही, सर.